पुस्तिका कुठे ठेवलीस?

पेट्रोलच्या छोट्या हत्ती टेम्पोत तू गेले कित्येक महिने 95 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरतोस आणि वर मला अभिमानाने सांगतोस, "सर, गाडीला चांगलंच खायला घालतो." मला राग आला. तो लिटरमागच्या सात-आठ रुपयांचा नाही. दोन वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर तू इंजिन उघडलंस, व्हॉल्व्ह घासलेस, टायमिंग लावलंस. आणि आज पंपावरच्या पोराने नोझल हातात घेऊन "भाऊ, प्रीमियम टाकू ना?" असं विचारलं की तू नुसती मान हलवतोस. त्या पोराला तुझं इंजिन माहीत नाही. तुला माहीत आहे.

ऑक्टेन वाढलं की ताकद वाढते, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. पिस्टनने मिश्रण दाबल्यावर, ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते आपोआप पेटू नये, यासाठी पेट्रोल किती तग धरतं, एवढंच तो आकडा सांगतो. लिटरमध्ये उष्णता किती आहे, ते तो सांगत नाही. टर्बोच्या किंवा जास्त कम्प्रेशनच्या इंजिनात दाब आणि उष्णता दोन्ही जास्त, म्हणून काही गाड्यांच्या पुस्तिकेत 95 किंवा 97 लिहिलेलं असतं. त्यांनी ते भरावंच, तिथे काटकसर नको. तुझं इंजिन 694 सीसीचं, दोन सिलिंडरचं, तीस अश्वशक्तीचं. साध्या पेट्रोलवर ओझं वाहायलाच ते बनवलंय. गाडी नीट चालवली तर जे मिश्रण वेळेआधी पेटतच नाही, त्याला आणखी तग धरायला लावून तू काय मिळवलंस?

शिवाय साधं पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. प्रदूषणाच्या बीएस-6 निकषांत त्याचं ऑक्टेन किमान 91 होतं. पुढे इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास, त्यामुळे या मिश्रणाचं ऑक्टेन 95 पर्यंत पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 मध्ये सांगितलं. म्हणजे ज्या आकड्यासाठी तू जादा पैसे मोजतोस, तो शेजारच्या साध्या नोझलमधूनच येतोय. वर्तमानपत्र वाचत जा म्हणून किती वेळा सांगितलं होतं!

मायलेज पडलं म्हणून प्रीमियम घेतो, असंही म्हणालास. मायलेज पडतं, ते मीही नाकारत नाही. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या, बिनइथेनॉलच्या इंधनासाठी बनवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के फटका बसेल असं म्हटलंय. नव्या धाटणीच्या गाड्यांना एक-दोन टक्के. पण 95 च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच. मग तो फटका भरून कसा निघेल? 100 ऑक्टेनवालं बिनइथेनॉलचं मिळतं, पण त्याला लिटरला दीडशेच्या वर मोजावे लागतात. केळीचे घड वाहून तुझं तेवढं भाडं निघतं का?

अमेरिकेत वाहनचालकांची एएए नावाची मोठी संघटना आहे. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत तिने महागडं पेट्रोल घालून पाहिलं. ताकद, मायलेज, धूर, कशातच सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. एका वर्षात तिथल्या लोकांनी असे दोन अब्ज डॉलरहून जास्त उधळले, असा हिशेब तिने 2016 मध्ये मांडला. त्यांना परवडत असेल. तुझ्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे ये. लळिंगच्या चढावर इंजिन खडखडतं म्हणालास ना? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आत येणारी हवाच तापलेली असते आणि तू ठरलेल्यापेक्षा जास्त माल लादून टॉप गिअरमध्येच एक्सलरेटर दाबतोस. मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन नॉक करणार नाही तर काय करेल? गिअर उतरव. माल कमी कर. एअर फिल्टर शेवटचा कधी काढलास? यावल-रावेरच्या शिवारातल्या कच्च्या वाटांवर, कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आवारात, काळ्या मातीची धूळ दोन महिन्यांत फिल्टर गच्च करते. प्लग बघ, टायरमधली हवा बघ, कूलंट बघ. तरीही आवाज थांबला नाही, तर सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का ते तपासून घे. महाग पेट्रोल घालून आवाज दाबलास, तर दुखणं आत वाढत राहील.

महागड्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात, हे खरं. ती हवीच असतील तर वर्षातून एकदा इंजेक्टर साफ करून घे. रोजच्या प्रत्येक लिटरवर दंड कशाला भरतोस?

भेसळीची भीती वाटते, असं शेवटी हळूच म्हणालास. ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या खानदेशाला पेट्रोल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून. त्याच पानेवाडीजवळ 25 जानेवारी 2011 रोजी तेलमाफियांनी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, ते भेसळीचा अड्डा पकडायला गेले म्हणून. एका माणसाने यासाठी प्राण दिले आणि तुला पंपावर फिल्टर पेपर मागायची लाज वाटते? तो पंपावर ठेवावाच लागतो, पाच लिटरचं मापही ठेवावं लागतं आणि दोन्ही मागण्याचा तुला हक्क आहे. कागदावर थेंब टाक, सुकल्यावर डाग उरला की बोल, तक्रार लिही. पाटीवरचा 95 चा आकडा तुला भेसळीपासून वाचवत नाही.

हिशेब कर. रोज सहा लिटर, लिटरला आठ रुपये जादा, म्हणजे 48 रुपये. महिन्याला पंचवीस दिवस गाडी चालली तर 1200. वर्षाला 14,400. सुरतेला जाताना नवापूर ओलांडेपर्यंत टाकी रिकामी ठेवतोस, का, तर गुजरातेत पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून. तिथे वाचवलेला पैसा इथे ओततोस. एवढ्यात दोन टायर येतात, बहिणीच्या शिकवणीची फी येते.

तुझ्या शेजारचा डिझेल पिकअपवाला प्रीमियम डिझेल भरतो म्हणून तूही मागे लागलास, हे तर मला अजिबात पटलं नाही. डिझेलचं गणित सिटेनवर चालतं, ऑक्टेनवर नाही. त्याचं त्याला बघू दे.

सोमवारी सकाळी आठला गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये ये. एअर फिल्टर आणि दोन्ही प्लग स्वतःच्या हाताने काढायचे आणि टेबलावर मांडायचे, मी बघतो. आणि गाडीसोबत मिळालेली पुस्तिका घरात कुठे टाकली असशील तिथून शोधून आण. इंधनाचं पान माझ्यासमोर मोठ्याने वाचायचं. तोपर्यंत टाकीत साधं पेट्रोल पडलं पाहिजे.