पंखा बंद असतो तेव्हा

सुरतेत थंडी येते ती जेमतेम दोन महिन्यांसाठी. स्वेटर निघतात, अडाजणला पोंकाचे मांडव लागतात आणि कोवळ्या ज्वारीच्या त्या दाण्यांत लिंबू-मिरीची शेव मिसळून खाताना खानदेशी माणसाला गावाकडचा हुरडा आठवतो. पण मला या थंडीचं खरं देणं वाटतं ते निराळंच. रात्री पंखा बंद होतो. एरवी वर्षभर डोक्यावर त्याची घरघर असते, पुस्तकाचं पान अंगठ्याने दाबून धरावं लागतं. डिसेंबरात घर असं शांत होतं की एकाने साध्या आवाजात वाचावं आणि दाराशी बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा.

हिवाळ्यातलं वाचन म्हटलं की शेकोटी, बाहेर बर्फ आणि खुर्चीत एकटाच वाचक, हे थंड देशांतलं चित्र आपल्या मनात बसलं आहे. आपली रीत वेगळी होती. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. एक जण वाचतो, घर ऐकतं. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी रोज ठरल्या वेळी, ठरलेला भाग, सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तिची मांडणीही अशीच आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम सांगतो, मित्र ऐकतात. गुरुजी ज्या अमळनेरात शिक्षक होते ते सुरत-भुसावळ लोहमार्गावरच आहे आणि याच मार्गाने खानदेशातली कितीतरी कुटुंबं लिंबायत, उधना, डिंडोलीत येऊन राहिली. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाचे डोळे बारीक अक्षरावर टिकत नाहीत. कान मात्र जागे असतात.

सुरतेत पुस्तकांची परंपरा जुनी आहे. अँड्र्यूज लायब्ररी 1850 सालची. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तरी बाजारात, गल्लीत, मित्रांत मुलांची जीभ गुजराती-हिंदीवर वळते, आणि त्यात वाईट काही नाही. मराठी मात्र घरात कानावर पडली नाही, तर ती फक्त परीक्षेपुरती उरते. कवयित्री बहिणाबाईंचंच घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. मनातल्या मनात वाचताना मूल त्यातल्या बोलीवर अडखळतं. तेच मोठ्याने वाचलं की कोपऱ्यात वाती वळत बसलेली आजी मान वर करते, उच्चार दुरुस्त करते, आणि मग त्या शब्दामागचं शेत, जातं, नणंद असं सगळं सांगत सुटते. पुस्तक मांडीवर उघडंच राहतं. त्या रात्री पुढचं वाचन होत नाही, आणि व्हायलाही नको.

म्हणून सुरतेतल्या मराठी घरांना एवढंच सांगणं आहे: या थंडीत, जेवणं उरकली की टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि पुस्तक मुलाच्या हाती द्या. वाचू दे त्याला, चुकू दे. फेब्रुवारी सरताना पंखा पुन्हा सुरू होईल, तोवर एक पुस्तक सहज वाचून होतं.