सामूहिक भित्तिचित्र: हात कोणाचे, निर्णय कोणाचा

ज्या भिंतीसमोरून रोज ये-जा होते तिच्यावर काय असावे हे तिथे वावरणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवलेले आणि जमेल तेवढे स्वतः रंगवलेले चित्र म्हणजे सामूहिक भित्तिचित्र. या व्याख्येतला ‘ठरवलेले’ हा भाग अलीकडे गळून पडला आहे. स्वच्छता सर्वेक्षण, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीची भेट आणि रेल्वे स्थानकांचे सुशोभीकरण यांच्या निमित्ताने गेल्या दहाएक वर्षांत महाराष्ट्रातल्या भिंती भराभर रंगल्या. २०१८ साली स्थानक-सुशोभीकरणाचे देशातले पहिले बक्षीस चंद्रपूर आणि बल्लारशाह या विदर्भातल्या स्थानकांना मिळाले. त्यानंतर कॉलेजच्या भिंतीविषयीची चर्चाही दोनच प्रश्नांपाशी थांबू लागली: चित्र छान दिसते का, आणि किती विद्यार्थ्यांनी भाग घेतला? दुसरा प्रश्न लोकशाहीचा वाटतो. प्रत्यक्षात तो हजेरीचा प्रश्न आहे.

शिक्षणसंस्थेच्या आवारात भित्तिचित्र ही नवी गोष्ट नव्हे. मेक्सिकोतल्या चापिंगो येथील कृषी विद्यालयात १९२०च्या दशकात रंगवणारा दिएगो रिव्हेरा परिचित आहे. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये विद्यार्थ्यांना मदतीला घेऊन मध्ययुगीन संतांची चित्रमाला ओल्या गिलाव्यावर रंगवली. भारतातल्या विसाव्या शतकातल्या थोर भित्तिचित्रांत तिची गणना होते. पण ते सामूहिक चित्र नाही. विद्यार्थ्यांनी हात दिले, रचना आणि दृष्टी एकट्या विनोदबिहारींची होती. त्यात कमीपणा काहीच नाही. एखाद्या महाविद्यालयाला समर्थ चित्रकार मिळाला तर त्याने त्याच्या हाती भिंत खुशाल सोपवावी. मात्र त्या कामाला सामूहिक म्हणू नये.

आज सर्वत्र चालणारी पद्धत ही एकट्या चित्रकाराचे काम आणि सामूहिक काम या दोहोंच्या मधली आहे. बाहेरून आलेला चित्रकार भिंतीवर बाह्यरेषा आखतो, कोणत्या भागात कोणता रंग हे लिहून ठेवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक एका रविवारी रंग भरतात. या पद्धतीच्या बाजूने दिली जाणारी कारणे गांभीर्याने घेण्यासारखी आहेत, म्हणूनच ती एकेक तपासली पाहिजेत.

पहिले कारण सफाईचे. अप्रशिक्षित हातांची रेषा डगमगते, हे खरे आहे. भिंतीवरची अंतिम रेषा सरावलेल्या हातानेच काढलेली बरी. पण चांगली रेषा काढता येते म्हणून त्या रेषेत काय असावे हे सांगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. दुसरे कारण वेळेचे. काम एका दिवसात उरकते, पण पुढची कित्येक वर्षे ते चित्र समोर राहणार असते. त्यापुढे तयारीचे चार महिने फार नाहीत. तिसरे असे की, ज्यांनी रंग भरला ते भिंत जपतात. पण तीन वर्षांनी ते पदवी घेऊन निघून जातात आणि मागे आलेल्यांचा त्या भिंतीशी काहीच संबंध उरलेला नसतो. शिवाय चित्रातल्या सारस पक्ष्याच्या पायात लाल रंग भरणाऱ्या मुलीला सारसच का, तो इथेच का आणि शेतकरी चित्रात का नाही, हे विचारायला कोणी वाव दिलेला नसतो.

चौथे कारण सर्वांत भक्कम आहे: ठरवण्याची मुभा दिली की भांडणे होतील. जात, पक्ष, धर्म, गाव सगळे भिंतीवर येऊ पाहील. प्राचार्यांची ही भीती खोटी नाही. शिकागोत १९६७ साली वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन रंगवलेल्या ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ या भिंतीवरचा एका चित्रकाराचा भाग त्याच्या संमतीशिवाय पांढरा करून पुन्हा रंगवला गेला. समूहही अन्याय करू शकतो. तरीही भांडण टाळले म्हणजे निर्णय टळला असे होत नाही. तो देणगीदार, चित्रकार किंवा कार्यालय घेते, आणि कोणी घेतला हे कोणालाच कळत नाही. कागदावरचा वाद खोडरबराने मिटतो. तोच वाद भिंतीपर्यंत दाबून नेला तर काळे फासूनच मिटवावा लागतो. लॉस एंजेलिसच्या टुजंगा कालव्याच्या भिंतीवर १९७६ पासून चित्रकार ज्युडिथ बाका यांनी चारशेहून अधिक तरुणांना घेऊन शहराचा दुर्लक्षित इतिहास सुमारे अर्धा मैल रंगवला. तिथेही संशोधन आणि लोकांच्या आठवणी आधी आल्या, रंग नंतर.

राहिली दोन मते. चित्राऐवजी फ्लेक्स चालेल म्हणणाऱ्यांना जाहिरात आणि चित्र यांत फरकच दिसत नाही. आणि कॉलेजच्या भिंती कोऱ्याच शोभतात हे मत निरुपद्रवी आहे.

हात देणे आणि निर्णय घेणे यांतला फरक गोंदिया जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा, अर्जुनी मोरगाव या भागांतली, घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. सारस, धान, मालगुजारी तलाव, नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल ही यादी बाहेरचा चित्रकारही करील. पण सारस घरट्यासाठी बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, धान उपटतो आणि तरीही कित्येक शेतकरी ते घरटे राखतात, ही गोष्ट बांधी असलेल्या घरातली मुलेच मांडतील. मग चित्रात मावळत्या सूर्यापुढे नाचणारी जोडी येणार नाही. धानात बसलेला पक्षी आणि त्याला वळसा घालून निंदण करणाऱ्या बाया येतील.

तीच गोष्ट ‘आदिवासी शैली’ची. ठिपके आणि बारीक रेषांनी भरलेले प्राणी आज गोंड चित्रकला म्हणून सगळीकडे काढले जातात. ही शैली मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान कलावंताने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी १९८०च्या दशकापासून घडवली. गोंदियातल्या कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला जमणाऱ्या गोंड समाजाच्या श्रद्धा आणि चिन्हे यांची जागा तिने परस्पर घेऊ नये. कोणते चिन्ह भिंतीवर शोभेल, कोणते मुळीच नको, हे त्या समाजातल्या विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे आणि त्याचे ‘नको’ मोजले गेले पाहिजे. सामूहिकपणाची कसोटी इथेच लागते: विद्यार्थ्यांनी एखादा तरी कच्चा आराखडा नाकारला का? नाकारला नसेल, किंवा नाकारण्याची सोयच नसेल, तर रंग भरणारे शंभर असोत की पाचशे, ते मदतनीसच राहतात.

त्यामुळे कामाचा क्रमही बदलतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथे पाऊस असतो. बाहेर रंगवता येत नाही, पण ठरवायला हाच काळ योग्य. या महिन्यांत गोष्टी, जुनी छायाचित्रे, घरच्या भिंतींवरच्या आकृत्या गोळा कराव्यात. निदान तीन आराखडे करून आठवडाभर वाचनालयात लावावेत. आक्षेप लेखी घ्यावेत आणि त्यांची उत्तरे उघड सभेत द्यावीत. सभेत शिपाई आणि सफाई कर्मचारीही असावेत, कारण त्या भिंतीसमोर त्यांचा वावर सर्वांहून अधिक असतो.

भिंतीची पाहणी याच दिवसांत उरकते, कारण ओल कुठे झिरपते हे पावसातच दिसते. जुन्या चुन्याच्या थरावर ॲक्रिलिक रंग टिकत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून चुना खरवडून काढावा लागतो. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर साधारण २८ दिवस मुरू द्यावा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर द्यावा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे ऊन थेट येते आणि भडक लाल-पिवळे रंग लवकर उडतात. गेरू, पिवळी माती यांसारखे लोहयुक्त रंग तग धरतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचे तूस मिसळलेले आढळते. राइस मिलच्या या जिल्ह्यात तूस-मातीचा एखादा फलक सावलीत करून पाहण्यासारखा आहे.

आराखडा भिंतीवर नेताना चौकटी आखण्याची पद्धत सर्वांत सोपी. फ्लेक्सने काम हिरावलेले पेंटर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत; मोठ्या भिंतीवर प्रमाण सांभाळणे त्यांच्याइतके कोणाला येत नाही, म्हणून त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. रंगकाम जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षा आणि उन्हाळा यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत करावे. काम चालू असताना आशय बदलायचा झाला तर पुन्हा सभाच बोलवावी. चित्रकाराने किंवा प्राध्यापकाने परस्पर बदलू नये.

शेवटी नोंद. स्वीकारलेला आराखडा, नाकारलेले आराखडे, आक्षेप, रंगांची नावे आणि क्रमांक हे सगळे एका फाइलीत वाचनालयात राहावे. पाच-सात वर्षांनी रंग उडू लागला की डागडुजी करायची, बदल करायचा की सगळे पुसून नवे काढायचे, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी ही फाइल वाचून ठरवावे. आणि तो अधिकार त्यांचा राहील हे पहिल्याच सभेच्या ठरावात लिहून ठेवावे.