एका थेंबाचा दोष

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या चिमुकल्या देशात उतरणाऱ्या पर्यटकाला आधी एक सही करावी लागते. पासपोर्टच्या पानावर शिक्का उमटतो, त्या शिक्क्यात एक प्रतिज्ञा असते, आणि ती उद्देशून असते पलाऊच्या मुलाबाळांना. त्यांच्या बेटांना इजा होणार नाही असं वागण्याचा शब्द पाहुणा लेखी देतो. 2017 च्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली. 1 जानेवारी 2020 पासून तिला कायद्याची जोड मिळाली. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट यांच्यासह दहा रसायनांपैकी एकही ज्यात आहे असं सनस्क्रीन या देशात विकता येत नाही आणि पर्यटकाच्या सामानात सापडलं तर ते काढून घेतलं जातं.

हवाईनं त्याआधीच, 2018 मध्ये, याच दोन रसायनांच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. तो 1 जानेवारी 2021 पासून अमलात आला. कारण एकच, प्रवाळ. पत्रिकेत मंगळ म्हणून अंगठीत पोवळं घालणाऱ्यांच्या घरातही फारसं ध्यानात नसतं, की समुद्रातली प्रवाळाची बेटं जिवंत प्राण्यांनी बांधलेली असतात. एकेक प्राणी इवलासा, पण अशा असंख्य जिवांच्या वसाहतीतून डोंगराएवढी रचना उभी राहते.

सुट्टीवर आलेल्या माणसाचा प्रश्न अगदी साधा वाटतो. ऊन कडक आहे, कातडी सांभाळायची आहे. प्रौढ माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला नीट लावायचं तर एका वेळी साधारण 30 मिलीलिटर क्रीम लागतं आणि दर दोन तासांनी, पोहून आल्यावर तर लगेचच, ते पुन्हा लावावं लागतं. म्हणजे 100 मिलीलिटरची ट्यूब एका माणसाला एक दिवसही पुरू नये. त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. पण समुद्र केवढा आणि ट्यूब केवढी! माझ्या एवढ्याशा क्रीमनं काय बिघडणार आहे?

या ‘काय बिघडणार आहे’नं तत्त्वज्ञांना बराच घोर लावला आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात एक कल्पित प्रसंग मांडला. हजार छळकर्ते, हजार बळी. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो. त्यामुळे प्रत्येक बळीच्या वेदनेत इतकी किंचित भर पडते, की ती कोणालाच जाणवू नये. हजारही बटणं दाबली गेली की वेदना असह्य होते. आता दोषी कोण? प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्या बटणानं कोणालाच काही झालं नाही. पार्फिट म्हणतात, हा बचाव टिकत नाही. अनेकांच्या कृती मिळून नुकसान करत असतील, तर त्यातली माझी कृती एकटी निरुपद्रवी असूनही चुकीची ठरू शकते.

अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांना हे पटत नाही. 2005 मधल्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी विचारलं, की रविवारी निव्वळ मजेसाठी खूप पेट्रोल खाणारी गाडी फिरवणाऱ्यानं हवामानाचं नेमकं कोणतं नुकसान केलं? एका फेरीनं काहीच बदलत नाही. म्हणून ही जबाबदारी मुख्यतः सरकारांची, एकेकट्या माणसाच्या फेरीवर तिचं पाप लादू नये. हवाईचा कायदा या विचाराच्या जवळचा आहे, तो पर्यटकाच्या पाठीवर नाही, दुकानाच्या फळीवर बोट ठेवतो. पलाऊनं दोन्ही वाटा धरल्या, दुकानाला बंदी आणि पाहुण्याला प्रतिज्ञा.

आपल्याकडच्या धर्मशास्त्राला हा पेच नवा नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थानं सांगितली आहेत. चूल, जातं किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. यांना पंचसूना म्हणतात. रोजचं जगणं चालवताना यांच्यात न दिसणारे जीव मरतात. मारण्याचा हेतू नाही, चूल बंद ठेवणंही शक्य नाही. तरी शास्त्र ‘काय बिघडणार आहे’ म्हणत नाही, आणि उपाशी राहा असंही सांगत नाही. ते दोष मान्य करतं आणि त्याच्या निवारणासाठी रोजचे पंचमहायज्ञ लावून देतं. जेवणापूर्वी वैश्वदेव करण्याची, काकबळी ठेवण्याची चाल त्यातलीच. जगण्यासाठी होणारी हिंसा क्षम्य ठरते, पण ती हिशेबातून सुटत नाही.

मात्र इथे एक पोटप्रश्न येतो. चूल पेटवणं गरजेचं, तसं क्रीम लावणं किती गरजेचं?

गोऱ्या कातडीच्या माणसासाठी उत्तर स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये, नॅम्बर या गावी, 1992 पासून साडेचार वर्षं 1,621 प्रौढांवर एक चाचणी चालली. निम्म्यांनी डोकं, मान आणि हातांना रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी वाटेल तेव्हा. रोज लावणाऱ्यांत कातडीच्या कर्करोगाचा स्क्वेमस सेल हा प्रकार सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत त्यांच्यात मेलेनोमाचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. समुद्रासाठी ही ट्यूब फेकून द्या, असं या माणसाला सांगणं हा धर्म नव्हे.

सावळ्या माणसाला मेलॅनिनचं उपजत कवच असतं. त्याचीही कातडी भाजते, चेहऱ्यावर वांग उठतात, पण कर्करोगाचा धोका खूपच कमी असतो. मराठी कुटुंब अंदमानला किंवा तारकर्लीला निघतं तेव्हा पिशवीत ट्यूब पडते ती बहुधा ‘काळवंडू नये’ म्हणून. लग्न ठरायचं असलेल्या मुलीला तर घरातली दोन माणसं तरी आठवण करून देतात. कर्करोग टाळण्याची गरज आणि उजळ दिसण्याची हौस यांचं वजन एकाच तराजूत सारखं भरत नाही.

विज्ञानाची बाजूही प्रांजळपणे सांगायला हवी. प्रवाळांचा मोठा शत्रू क्रीम नाही, तापलेला समुद्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2022 च्या अहवालानं सनस्क्रीनच्या परिणामांचा पुरावा अपुरा ठरवला, अधिक तपास करायला सांगितलं, आणि लोकांनी सनस्क्रीन सोडलं तर आरोग्याला धोका आहे हेही बजावलं. म्हणजे हजारो किलोमीटर विमानानं येऊन ‘प्रवाळस्नेही’ ट्यूब मिरवणाऱ्यानं आपली पावती फाडली गेली असं समजू नये.

पण त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक निबंध आला. त्यांनी प्रवाळांच्या नात्यातल्या समुद्रफुलांवर, म्हणजे सी अ‍ॅनिमोनवर, प्रयोग केले. ऑक्सिबेन्झोन त्यांच्या शरीरात शिरलं की त्याला साखरेचा रेणू जोडला जातो, आणि माणसाला प्रकाशापासून वाचवणारा तोच पदार्थ तिथे प्रकाशात विष बनतो. यातलं काही विष त्यांच्या अंगात राहणारं शेवाळ स्वतःत साठवून घेतं. समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे पडतात ते हेच शेवाळ गमावल्यामुळे. म्हणजे आधीच उष्णतेनं खंगलेल्या प्रवाळाला क्रीमचा उपद्रव अधिक होण्याची शक्यता आहे. मोठा दोष दुसऱ्याचा म्हणून माझा छोटा हलका होत नाही, उलट त्यामुळेच तो जड होऊ शकतो. सिनॉट-आर्मस्ट्राँग यांचा रविवारचा गाडीवाला इथे फारसा मदतीला येत नाही.

शिवाय पर्याय हाताशी आहे. ऑस्ट्रेलियानं 1981 मध्ये उन्हापासून बचावाची प्रसिद्ध मोहीम काढली, तिच्या घोषवाक्यात सदरा पहिला येतो, मग क्रीम, मग टोपी. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा अंगाचा जवळपास निम्मा भाग झाकतो, तेवढं क्रीम वाचतं आणि सदरा दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. समुद्रात उतरायला सकाळी दहाच्या आधीची किंवा दुपारी चारनंतरची वेळ धरली तर उरलेलं कामही सोपं होतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. हा परिसर 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. तिथे हवाईसारखी बंदी नाही, पलाऊसारखी सहीही नाही. म्हणून स्नॉर्केलिंगचे पैसे भरण्याआधी बाजारातून पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. चेहरा, मान आणि पायांपुरतं क्रीम लागेल ते झिंक ऑक्साइडचं निवडा, पाण्यात शिरण्याआधी पंधरा मिनिटं लावा, आणि ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं दुकानातच वाचा.