गुरं राखशील!

"अभ्यास कर, नाहीतर गुरं राखशील!" हे वाक्य ज्या मराठी मुलाने लहानपणी ऐकलेलं नाही, तो एकतर फार हुशार असला पाहिजे किंवा त्याचे वडील तरी मुके असले पाहिजेत. आमच्या घरी ते रोज संध्याकाळी परवच्याच्या शेवटी म्हटलं जाई. पावकी, निमकी आणि मग हे. पावकी-निमकी केव्हाच विसरलो. हे मात्र अजून पाठ आहे.

गुरं राखायला लागू नयेत म्हणून मी शिकलो, बँकेत चिकटलो, पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे राखले आणि निवृत्त झालो. आणि सत्तरी उलटल्यावर मुलीकडे अमेरिकेला गेलो, तर जावईबापूंनी पहिल्याच शनिवारी मला कुठे न्यावं? गुरं राखणाऱ्यांचं गाव बघायला!

हे गाव म्हणजे टेक्ससमधलं फोर्ट वर्थ. डॅलसच्या शेजारचं. शहर चांगलं उंच इमारतींचं आहे, पण त्याचं लाडकं नाव 'काउटाउन'. आपल्याकडे एखाद्या शहराला कुणी 'गुरांचं गाव' म्हणून बघावं! दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर मोर्चा. इथे ते नाव छातीवर छापून सदरे विकतात.

स्टॉकयार्ड्स हा तिथला एकेकाळचा गुरांचा बाजार. आता तिथे गिऱ्हाइकं गुरांची नसतात, टोप्यांची आणि बुटांची असतात. रोज सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला लांब शिंगांची गुरं भर रस्त्यातून चालवत नेतात. १९९९ सालापासून हा नेम आहे. आम्ही अकरालाच फुटपाथवर जागा धरली. बापलोकांनी पोरं खांद्यावर घेतली. मग ती आली. डझन-दीड डझन जनावरं, शिंगांचा पसारा कडेला उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकवणारा, आणि आजूबाजूला घोड्यावर काउबॉय. तोंडावर भाव असा, की 'काय हे रोजचं!' म्हणजे गुरांच्या. पाच मिनिटांत सगळं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात हाच कार्यक्रम रोज दोनदा होई आणि लोक दारं लावून घेत.

"आजोबा, तुमच्या गावात काउबॉय होता?" नातीने विचारलं.

"होता की."

"त्याचा घोडा कसा होता?"

"घोडा नव्हता. काठी होती."

"आणि हॅट?"

"घोंगडीची खोळ."

"त्याचं नाव काय?"

इथे मी अडकलो. नाव आठवेना. आठवेना म्हणजे काय, ते कधी माहीतच नव्हतं. आम्ही सगळे त्याला 'गुराखी' म्हणत होतो. "आई, गुराखी आलाय गं!" एवढीच त्याची ओळख.

मग दिवसभर आम्ही म्युझियमं पाहिली. एमन कार्टर म्युझियममध्ये रेमिंग्टन आणि रसेल यांनी रंगवलेले काउबॉय पाहिले. धुळीचे लोट, उधळलेले घोडे, गोळीबार. पगार घेत असलेला काउबॉय मात्र एकाही चित्रात दिसला नाही. एरवी त्याचं जिणं असं : महिन्याला तीस-चाळीस डॉलर, जेवायला घेवडा, झोपायला जमीन आणि रात्री गुरं बुजू नयेत म्हणून घोड्यावरून फिरत त्यांना गाणी म्हणून दाखवायची. १८६५ साली अमेरिकेतली यादवी संपल्यावर टेक्ससची लाखो गुरं उत्तरेकडच्या रेल्वे ठाण्यांपर्यंत हाकत न्यायचा हा धंदा सुरू झाला. १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट निघालं, १८७६ साली रेल्वे खुद्द फोर्ट वर्थला आली आणि पंचवीसेक वर्षांत सगळा खेळ आटोपला. मग लोकांना काउबॉय आवडायला लागला.

काउगर्ल्सचंही वेगळं म्युझियम आहे. त्यांच्या सन्मानाच्या यादीत सॅन्ड्रा डे ओ'कॉनर यांचं नाव आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती! बाई गुरांच्या रानात वाढलेल्या. वडिलांना हे सांगायला हवं होतं. अभ्यास करूनही गुरं राखल्याचा मान मिळू शकतो.

स्टॉकयार्ड्समध्ये बिल पिकेट या काळ्या काउबॉयचा पुतळा आहे. हा धावत्या घोड्यावरून बैलावर झेप टाकायचा आणि त्याचा ओठ दातांत धरून त्याला लोळवायचा. कातडीच्या रंगापायी कित्येक स्पर्धांची दारं त्याला बंद होती. १९३२ साली घोड्याची लाथ बसून तो गेला. राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत त्याचं नाव लागलं १९७१ साली, पुतळा झाला १९८७ साली. पुढे टपालखात्याने त्याचं तिकीट काढलं, तर त्यावर चेहरा छापला त्याच्या भावाचा! १९९४ साली ती तिकिटं मागे घेऊन नवी छापावी लागली.

मी म्हटलं, "जावईबापू, हा कसला सन्मान? राबत होता तेव्हा दाराबाहेर उभा केला, आणि आता काचेच्या कपाटात."

ते म्हणाले, "उशिरा का होईना, केला ना? तुमच्या गुराख्याचं कपाट कुठे आहे?"

जावयाला उलट उत्तर द्यायचं नसतं म्हणून मी गप्प बसलो, असं मी मुलीला सांगितलं. खरं म्हणजे उत्तर नव्हतं. आम्ही तर गुराख्याला देव केला. त्याच्या शिदोरीचा गोपाळकाला प्रसाद म्हणून खाल्ला. आणि दारात आलेल्या गुराख्याला पाणी दिलं ते वरून ओतून.

शेवटी किम्बेल म्युझियममध्ये गेलो. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था बांधणाऱ्या लुई कान यांचीच ही इमारत, १९७२ सालची. आत कॅराव्हाज्जोचं एक चित्र आहे. पत्त्यांच्या डावात एक पोरगा पाठीमागे पानं लपवून लबाडी करतोय. बाकीचे लोक रंगांबद्दल बोलत होते. मला तो पोरगा ओळखीचा वाटला.

मी नऊ वर्षांचा असेन. संध्याकाळी गुराखी गाय फाटकात सोडून जाई, फाटक लावून तिला बांधायचं काम माझं. एकदा मी फाटक उघडं टाकून विटीदांडू खेळायला पळालो. गाय निघून गेली आणि तिसऱ्या दिवशी कोंडवाड्यात सापडली. गुराख्याने ती आणलीच नाही, असं वडील म्हणाले. अंगणात उभं करून त्याला नाही नाही ते बोलले, आणि दंडापायी त्याच्या ज्वारीतून दोन पायल्या कापल्या. मी ओटीवर बसून मोठ्याने परवचा म्हणत होतो.

त्या रात्री गावी चुलतभावाला फोन लावला. "गुराख्याचं नाव काय रे?" त्यालाही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी त्याने गुराख्याच्या नातवाला फोनवर दिलं. नातवाने नाव सांगितलं आणि विचारलं, "कशाला पाहिजे, साहेब? सरकारचं काही निघालंय का?"

मी म्हटलं, "नाही." आणि मग एकदम म्हणून टाकलं, "ते फाटक मी उघडं टाकलं होतं."

पलीकडून हसू आलं. "ठाऊक हाय की. आजा सांगायचा. म्हणायचा, बोललो असतो तर पोराची चामडी लोळवली असती बापानं. जाऊ द्या म्हटलं."

गुरांबरोबर त्याने मलाही राखलं होतं. दोन पायल्या ज्वारीत.

फोन ठेवून मी नातीला ते नाव सांगितलं. तिने स्टॉकयार्ड्सवर काढलेल्या काउबॉयच्या चित्राखाली इंग्रजीत लिहिलं. स्पेलिंग साफ चुकलं होतं, घोडाही तसाच होता. पण माणूस बरोबर होता.