हा इतिहासाचाच विषय आहे

इतिहासाची एखादी विद्यार्थिनी प्रबंधासाठी मनोरुग्णालय हा विषय मागते, तेव्हा अनेकदा तिला सांगितलं जातं: हा समाजकार्याचा विषय, तिकडे जा. हे उत्तर चुकीचं आहे आणि अन्यायाचंही.

या विषयाची वाट पुष्कळदा घरातून निघते. वंशावळीत एका आत्याचं नाव नसतं. ती ‘भरती’ होती, एवढंच कुणी दबक्या आवाजात सांगतं. ठाण्याला पाठवू, येरवड्याला पाठवू, अशी थट्टा आपण सर्रास करतो. तिथे कोण गेलं, सही कुणाची होती, परत कोण आलं, हे विचारत नाही. विचारू लागलं की कायदे सापडतात: वेड्यांसाठीचे 1858 आणि 1912 चे, निराधार कुष्ठरुग्णांना डांबण्याची मुभा देणारा 1898 चा. अधीक्षकांचे अहवाल सापडतात. आत राहिलेल्यांचा शब्द मात्र क्वचितच.

फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं पाळीतल्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, आंदोलक बोलले. ज्यांच्या पोटावर टाके पडले, त्यांचं म्हणणं कुठे आहे? पाळीच्या दिवसांत मुलींना मदत करायला माणसं हवीत, पाणी हवं, कपडे हवेत. ते पुरवण्याऐवजी त्यांचं शरीरच कापलं. संस्थेची सोय मुलींचं हित म्हणून खपवली गेली.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. साखळीने बांधायला आणि उपचार म्हणून नसबंदी करायला मनाई केली. कायद्यात मनाई उगाच येत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. 28 जण गेले. अशा प्रत्येक कलमामागे काय घडलं ते शोधून लिहिणं हे इतिहासकाराचं काम नाही, तर कुणाचं?

प्राध्यापकांनो, असा विषय घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका. संस्थांत राहून आलेली माणसं आज हयात आहेत. त्यांच्या संमतीने, नावं गुप्त ठेवून, त्यांच्या तोंडून ऐकायला तिला शिकवा. आणि घरच्यांनो, तिने त्या आत्याचं नाव विचारलं, तर सांगा.