कामापुरता चुलतभाऊ

२००८ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या व्हिडिओ गेममध्ये चोऱ्या, पाठलाग, गोळीबार सगळं आहे; पण खेळलेल्यांना हमखास आठवतो तो रोमन. नायक निको बेलिकचा हा चुलतभाऊ. बंगला, गाड्या, ऐशआराम अशा फुशारक्या मारून त्याने निकोला पूर्व युरोपातून लिबर्टी सिटीत बोलावलेलं असतं. निको जहाजातून उतरतो तेव्हा कळतं, की रोमनकडे आहे एक कळकट घर, रखडत चाललेला टॅक्सीचा धंदा आणि जुगाराचं कर्ज. कथेतला हा बढाईखोर, एकटा माणूस आपल्याला आवडतो. फोनवरचा मात्र नकोसा होतो.

कारण तो भलत्या वेळी फोन करतो. बोलिंगला जायचं का? प्यायला जायचं का? नाही म्हटलं तर त्याची मर्जी थोडी उतरते, हो म्हणून गेलोच नाही तर आणखी. सोबत गेलो की चढते. ही मर्जी टक्क्यांत मोजलेली असते, आणि पुरेशी चढली की रोमन फुकट टॅक्सी पाठवतो. दुसरा मित्र स्वस्तात बंदुका देतो, तिसरा हेलिकॉप्टर. खेळाडूंनी लवकरच पळवाट शोधली: होकार द्यायचा आणि मग आपणच फोन करून बेत रद्द करायचा. मर्जी जागच्या जागी राहते. (लग्नाच्या आमंत्रणाला ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना ही युक्ती शोधावी लागली नसती.)

याहून बोचरी गोष्ट ड्वेनची. बरीच वर्षं तुरुंगात काढून तो बाहेर आलाय. प्रेयसी दुरावलेली, धंदा त्यानेच तयार केलेल्या प्लेबॉय एक्सच्या हाती गेलेला. दोघंही निकोला एकमेकांना मारायला सांगतात. ड्वेनला मारलं तर २५,००० डॉलर मिळतात. प्लेबॉयला मारलं तर रोख काही नाही, पण त्याचं आलिशान घर मिळतं, ड्वेन मित्र होतो आणि पुढे मदतीला शस्त्रधारी साथीदार पाठवतो. खेळाचे जाणकार दुसरा पर्याय सुचवतात. आता ड्वेन वाचला तो कणवेने की हिशेबाने?

बहुतेकांना त्याची खरंच कीव आली असेल, असं मला वाटतं. पण कीव एका गोळीत उरकते. त्यानंतर ड्वेन फोन करू लागतो, उदास आवाजात, पुन्हा पुन्हा; आणि ज्याने त्याचा जीव वाचवला तोच मोबाइल ‘स्लीप मोड’वर टाकतो. जीव वाचवणं सोपं होतं, संध्याकाळ देणं जड जातं.

तरी टक्क्यांच्या या व्यवहाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. मित्राला गाडीत घेऊन निघालं की वाटेत गप्पा सुरू होतात. घर, भीती, फसलेली स्वप्नं, बरंच काही निघतं. त्या गप्पा सोबत गेलेल्यालाच ऐकू येतात, मग तो टॅक्सीच्या लोभाने गेलेला का असेना. लोभाने गेलेल्यांपैकी काहींना रोमन तिथेच भेटला असणार. माझी तक्रार आमिषाबद्दल नाही. खोटा होकार नकारापेक्षा स्वस्त ठेवला, त्याबद्दल आहे.