मीठ कधी ओढायचं

भाईंदर सोडून गाडी नायगावकडे निघाली, की खाडीच्या आसपास मिठागरं दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत तिथं पांढऱ्या राशी उभ्या असतात. मी कितीतरी वर्षं त्या नुसत्या पाहत आलो. त्यांच्यामागे रोजचा एक अवघड निर्णय असतो, हे कळायला बराच काळ गेला.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी बांधाआड घ्यायचं आणि उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं. शेवटच्या वाफ्यात पाण्यावर साय धरल्यासारखी पांढुरकी खपली येते, मग तळाशी दाणा बसू लागतो. खरा प्रश्न इथून पुढे. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ आज ओढलं, तर ते बारीक आणि थोडं निघतं. चार दिवस थांबलं तर दाणा टपोरा होतो. पण त्या चार दिवसांत वळिवाची एक सर आली, तर वाफ्यातलं मीठ पुन्हा पाणी होऊन जातं. आभाळ कुणालाच वाचता येत नाही, तरी रोज सकाळी बांधावर उभं राहून ठरवावं लागतं. थांबणं हाही तिथं निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

‘विवेक’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ वेगळं करणं, निवडणं. सुपात धान्य पाखडतात तसं. मला वाटतं, निर्णयाआधी एवढंच पाखडता येतं: काय आपल्या हाती आहे आणि काय आभाळाच्या. मीठ किती दिवसांचं झालं, राशीवर झाकायला पेंढा आहे का, हे हाती. सर येणं आभाळाच्या हाती. पण पुढे निर्णयाची पारख करताना आपण हे दोन्ही पुन्हा एकत्र कालवतो. सर आली की माणूस चुकला, नाही आली की माणूस शहाणा. दोन्ही दिवशी त्यानं विचार तोच केलेला असतो.

उत्तनजवळच्या चौकच्या टेकडीवर उभं राहिलं, की समोर खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. ही टेकडी म्हणजे धारावीचं ठाणं. 1737 साली पोर्तुगीजांविरुद्ध सुरू झालेली मोहीम दोन वर्षं रेटत चिमाजी अप्पांनी मार्च 1739 मध्ये हे ठाणं घेतलं आणि वसईची समुद्राकडून येणारी रसद आवळत आणली. आज हे सगळं नकाशावरच्या रेघेसारखं सरळ दिसतं, कारण मे महिन्यात वसई पडली हे आपल्याला ठाऊक आहे. चिमाजी अप्पांना ते ठाऊक नव्हतं. त्याच मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला होता, मराठी फौजेचा मोठा भाग वसईला अडकला होता आणि पावसाळा तोंडावर होता. वेढा उठवावा की चालवावा, दोन्ही बाजूंना वजनदार कारणं होती. वसई पडली नसती, तर हाच निर्णय आपण हट्ट म्हणून शिकवला असता. मला त्या टेकडीवर विजयापेक्षा ते न कळलेले आठवडे आठवतात.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. 1915 साली ते छापून आलं. त्यातल्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात अर्जुनाच्या जोडीला ते शेक्सपिअरचा हॅम्लेट आणतात, कोरिओलेनस आणतात. हे मला फार मोलाचं वाटतं. अर्जुन अडला तो अज्ञानामुळे नव्हे. त्याच्यापुढे दोन कर्तव्यं उभी होती आणि दोन्ही खरी होती. बरं-वाईट ओळखता येणाऱ्या माणसालाच हा पेच पडतो, आणि माहिती वाढवून तो सुटत नाही.

आमच्या घरात असा एक निर्णय वर्षानुवर्षं आरोपीसारखा उभा होता. वडिलांनी 1984 साली गिरगावातली भाड्याची खोली सोडून भाईंदरला घर घेतलं. नळाला पाणी नसलं, संध्याकाळच्या विरार गाडीतून भाईंदरला उतरताना शर्ट फाटला, की आम्ही मुलं म्हणायचो, ‘बाबा, तुम्ही विचारच केला नाहीत.’ ते उत्तर द्यायचे नाहीत. आई म्हणायची, ‘पुरे रे आता.’

ते गेल्यावर कपाट आवरताना त्यांची त्या वर्षाची डायरी सापडली. एका पानावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे गिरगाव: शाळा, हॉस्पिटल, नोकरी जवळ, माणसं. उजवीकडे भाईंदर: ‘स्वतःचं. दोन खोल्या. आईला वेगळी जागा. मुलांना अभ्यासाला खिडकी.’ खाली शाईचा रंग बदललेला, म्हणजे पान एका बैठकीत लिहिलेलं नाही. तिथं ‘गाडीला गर्दी, दीड तास’ असं लिहून त्याखाली रेघ ओढलेली.

त्याच्याही खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात: ‘पाण्याचे हाल होणार. मी भरीन.’

रात्री दोनला उठून पिंपं भरणारे वडील मला लख्ख आठवतात. आम्ही कूस बदलून झोपायचो.